मधल्या फेऱ्यांतला रनिंग बॅक कसा पारखावा: एनएफएल ड्राफ्टसाठी सविस्तर मार्गदर्शक

२०१७च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधल्या खेळाडूंतून संघांनी आळीपाळीने निवड करण्याचा कार्यक्रम, भरला होता. त्याच्या तिसऱ्या दिवशी ग्रीन बे पॅकर्सने चौथ्या फेरीत, १३४व्या क्रमांकावर, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) जमाल विल्यम्स निवडला. त्याच दिवशी पाचव्या फेरीत, १८२व्या क्रमांकावर, त्यांनी एल पासो येथील टेक्सास विद्यापीठाचा ॲरन जोन्स घेतला. पहिल्या हंगामात विल्यम्सने १५३ वेळा चेंडू घेऊन ५५६ यार्ड मिळवले, म्हणजे प्रत्येक धावेला सरासरी ३.६ यार्ड, जोन्सने ८१ धावांत ४४८ यार्ड, म्हणजे सरासरी ५.५. आकडे जोन्सच्या बाजूने असूनही चेंडू जवळजवळ दुप्पट वेळा विल्यम्सच्या हाती गेला. त्यात जोन्सच्या दुखापतीचा वाटा होता, पण पास टाकला जात असताना विल्यम्स क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या खेळाडूला, अंगावर येणाऱ्यांपासून राखतो, हा प्रशिक्षकांचा विश्वासही त्यामागे होता. पुढे २०१९ मध्ये जोन्सने धावून १६ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे) केले आणि लीगमध्ये संयुक्त पहिला क्रमांक मिळवला. विल्यम्सने २०२२ मध्ये डेट्रॉइट लायन्सकडून १७ टचडाऊन करून लीगमध्ये आघाडी घेतली. दोन्ही निवडी योग्य ठरल्या, पण अगदी वेगळ्या कारणांनी.

ही कारणे ड्राफ्टच्या आधी कशी ओळखावीत, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. पहिल्या फेरीतल्या बॅकबद्दल विचारायचा प्रश्न असतो, तो किती चांगला आहे. मधल्या फेऱ्यांत हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण तिथपर्यंत उरलेल्या प्रत्येक खेळाडूत काहीतरी उणे असतेच. म्हणून प्रश्न बदलावा लागतो: हा खेळाडू कोणत्या उणिवेमुळे इथवर घसरला, आणि ती उणीव त्याला मैदानाबाहेर बसवेल की नाही? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाकडेच घेऊन जातात.

मधल्या फेऱ्या म्हणजे नेमके काय

ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात आणि बत्तीस संघांच्या हिशेबाने तिसरी फेरी ६५व्या निवडीपासून सुरू होते. तिसऱ्या फेरीपासून पुढे भरपाईच्या जादा निवडी (करार संपून खेळाडू गमावलेल्या संघांना मिळणाऱ्या) जोडल्या जात असल्याने चौथी फेरी शंभरीच्या पुढे जाऊन सुरू होते. २०१७ मध्ये ती १०८व्या निवडीपासून सुरू झाली होती. रनिंग बॅकच्या संदर्भात तिसरी ते पाचवी फेरी हा मधला पट्टा मानणे सोयीचे आहे. अलीकडच्या वर्षांत चौथी फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी बारा वाजता सुरू होते, म्हणजे भारतात त्याच रात्री साडेनऊला. पहिल्या तीन फेऱ्यांसाठी पहाटे उठावे लागते, पण या लेखाचा बराचसा विषय पुण्यात किंवा नाशकात बसलेल्या प्रेक्षकाला जेवणानंतर निवांत पाहता येतो.

या पट्ट्यात संघांचे एवढे लक्ष का असते, हे कराराच्या रचनेवरून कळते. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो, त्यात तिसरा हंगाम संपेपर्यंत फेरबोलणी करता येत नाहीत, आणि पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीतल्या खेळाडूंसाठी असतो. रनिंग बॅकची उमेदीची वर्षे बहुधा याच चार वर्षांत येतात. डॅलस काउबॉइजने २०१९ मध्ये चौथ्या फेरीत १२८व्या क्रमांकावर घेतलेला टोनी पोलार्ड चार वर्षे अल्प मोबदल्यात खेळला, आणि २०२३ मध्ये त्याला राखण्यासाठी फ्रँचायझी टॅग (खेळाडूला आणखी एक वर्ष संघात बांधून ठेवण्याची तरतूद) लावावा लागला, तेव्हा एका वर्षाचा आकडा १ कोटी डॉलरच्या थोडा वर गेला. संघाचा खरा फायदा त्या आधीच्या चार वर्षांत झालेला असतो, आणि म्हणूनच पहिल्या वर्षीच मैदानावर उतरू शकणारा बॅक आणि तिसऱ्या वर्षी तयार होणारा बॅक यांच्या किमतीत मोठा फरक करावा.

पहिली पायरी: खेळाडूआधी संघ वाचावा

कोणत्याही खेळाडूची चित्रफीत उघडण्याआधी आपल्या संघाबद्दल तीन गोष्टी लिहून काढाव्यात: सध्याचे बॅक कोण आहेत आणि त्यांचे करार कधी संपतात, धावण्याच्या डावपेचांत झोन पद्धत (अडवणारी फळी एकत्र एका बाजूला सरकते आणि बॅक स्वतः फट शोधतो) जास्त आहे की गार्ड (त्या फळीतला एक खेळाडू) वळवून फट पाडण्याची पद्धत, आणि तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सध्या कोण उभा राहतो. ही तिसरी नोंद बहुतेक लोक करत नाहीत. नवख्या बॅकला पहिल्या वर्षी मिळणारी जागा अनेकदा तिथेच रिकामी असते.

न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे २०१७चे उदाहरण या दृष्टीने फार शिकवणारे आहे. त्यांच्याकडे मार्क इन्ग्रम होता, त्याच वर्षी एड्रियन पीटरसनही आला होता. वरवर पाहता बॅकची गरज मुळीच नव्हती. तरीही पुढच्या वर्षाची दुसऱ्या फेरीतली आणि त्या वर्षाची सातव्या फेरीतली निवड देऊन त्यांनी ६७व्या क्रमांकावर टेनेसी विद्यापीठाचा अल्विन कमारा घेतला. त्यांना आणखी एक धावणारा नको होता. मैदानात कुठेही उभा राहून पास घेणारा हवा होता. कमाराने पहिल्या तीनही हंगामांत बरोबर ८१ पास झेलले आणि २०१७चा सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला. पीटरसनला ऑक्टोबरमध्येच ॲरिझोनाला पाठवण्यात आले, तर इन्ग्रम आणि कमारा या दोघांनीही त्या हंगामात धावून व झेलून मिळून प्रत्येकी १,५०० यार्डांचा टप्पा ओलांडला, जो एकाच संघातल्या बॅकच्या जोडीने त्याआधी कधीच ओलांडला नव्हता.

दुसरी पायरी: चित्रफीत पाहताना आधी लाइन, मग बॅक

खेळाडूमागे किमान पाच सामने पाहावेत आणि ते स्वतः निवडावेत. त्यांत सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा एक, संघ हरलेला एक आणि हंगामाच्या शेवटचा, अंग थकलेले असतानाचा एक सामना हवाच. निवडक क्षणांच्या संकलित चित्रफिती सुरुवातीला बाजूला ठेवाव्यात, कारण त्यांत न जमलेल्या धावा नसतात, आणि मधल्या फेरीतल्या बॅकचा निकाल न जमलेल्या धावांवरच लागतो. सामन्याच्या प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. बावीसही खेळाडू दिसतील असे उंचावरचे चित्रीकरण मिळाले तर तेच वापरावे.

प्रत्येक धाव दोनदा पाहावी. पहिल्या वेळी बॅककडे मुळीच पाहू नये. ऑफेन्सिव्ह लाइनने (बॅकपुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या फळीने) काय उघडले, कोणता बचावपटू मोकळा राहिला, एवढेच पाहावे. दुसऱ्या वेळी बॅककडे पाहून वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: जे उघडले होते ते त्याला दिसले का, दिसले तर पाय वेळेवर वळले का, आणि धडक बसल्यावर तो किती पुढे गेला. या तीन रकान्यांमुळे मोठा गोंधळ मिटतो. वीस यार्डांची धाव लाइनने पाडलेल्या मोकळ्या रस्त्यावरून झाली असेल तर ती बॅकच्या खात्यात फारशी जमा होत नाही. उलट मागेच अडलेली धाव त्याने दोन यार्ड पुढे ढकलली असेल, तर आकडेवारीत ती नगण्य दिसते, पण वहीत तिच्यापुढे खूण करावी.

बाहेरच्या झोन पद्धतीत बॅक कडेच्या दिशेने निघतो आणि त्याच्यापुढे तीन वाटा असतात: ठरल्या जागी आत घुसणे, कडेने निसटून बाहेर पडणे, किंवा बचावफळी बाजूला सरकत असताना तिच्या पाठीमागून उलट वळण घेणे. इथे पाहायचे ते हे, की तो वळण फार लवकर घेतो का. लाइनबॅकरला (पुढच्या बचावफळीच्या मागे उभ्या बचावपटूला) एका बाजूला ओढून नेईपर्यंत जो थांबतो, त्याच्यासाठी मागची फट आपोआप रुंदावते. जो दोन पावले आधी वळतो, तो त्याच लाइनबॅकरच्या अंगावर जाऊन आदळतो. गार्ड वळवून फट पाडण्याच्या पद्धतीत मात्र जागा आधीच ठरलेली असते, म्हणून तिथे वळणारा गार्ड पुढे जाईपर्यंत धीर धरणे आणि मग एकदम वेग घेणे, एवढेच तपासायचे. एकाच पद्धतीत चमकलेल्या बॅकला दुसऱ्या पद्धतीच्या संघात नेताना मी नेहमी एक फेरी खाली धरतो, कारण नजरेची ही सवय बदलायला वेळ लागतो आणि हाती असतात चारच वर्षे.

धडकेनंतरचा तोल हा या सगळ्यातला मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा गुण आहे. बचावपटूने पायाला हात घातल्यावर बॅकचा गुडघा जमिनीकडे जातो की पाऊल पुन्हा अंगाखाली येते, हे पाहावे. टॅकल (पकडून पाडणे) चुकवण्याच्या नोंदीतही भेद करावा: मोकळ्या मैदानात एकट्या कॉर्नरबॅकला (कडेच्या बचावपटूला) चकवणे वेगळे आणि गर्दीत लाइनबॅकरचा हात झटकणे वेगळे. दुसरी गोष्ट वरच्या पातळीवर जास्त टिकते, कारण मोकळे मैदान तिथे क्वचितच मिळते.

तिसरी पायरी: सरासरी मोडून पाहावी

कॉलेजमधली प्रति धाव सरासरी ही सर्वांत फसवी संख्या आहे. समजा, एका बॅकने १०० धावांत ५५० यार्ड मिळवले आणि त्यात ६५, ५५ व ४० यार्डांच्या तीन धावा आहेत. त्या तीन वगळल्या तर ९७ धावांत ३९० यार्ड उरतात, म्हणजे सरासरी ५.५ वरून ४.० वर येते. दुसऱ्याने १०० धावांत ४८० यार्ड मिळवले आणि त्याच्या सर्वांत लांब तीन धावा २५, २० आणि १८ यार्डांच्या आहेत. त्या वगळल्या तरी सरासरी ४.३ राहते. पहिला बॅक निरुपयोगी ठरतो असे मुळीच नाही. लांब धाव मारता येणे हाही दुर्मीळ गुण आहे. परंतु दोघे वेगळ्या कामांचे आहेत, हे या छोट्या वजाबाकीतून उघड होते.

याला जोडून यशस्वी धावांचे प्रमाण काढावे. रूढ मोजपट्टी अशी: पहिल्या डाऊनला गरजेच्या ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के आणि तिसऱ्या किंवा चौथ्या डाऊनला पूर्ण अंतर मिळाले तर धाव यशस्वी. हे प्रमाण त्याच संघातल्या इतर बॅकच्या प्रमाणाशी ताडून पाहावे, कारण लाइन दोघांची एकच असते आणि तिच्या ताकदीचा परिणाम बराचसा आपोआप वजा होतो.

चौथी पायरी: पासच्या वेळी तो काय करतो

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. मधल्या फेरीतला बॅक पहिल्या वर्षी बसून राहतो तो बहुधा धावता येत नाही म्हणून नव्हे, तर क्वार्टरबॅकला मार बसेल या भीतीने. हा भाग शोधणेही कठीण असते, कारण कॉलेजमधल्या अनेक संघांत चेंडू चटकन बाहेर टाकला जातो आणि बॅकवर अडवण्याची वेळ क्वचित येते. त्यासाठी तिसरा डाऊन आणि सात यार्डांहून जास्त अंतर असलेले सगळे स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव) वेगळे काढून पाहावेत. पाच सामन्यांत असे पंधरा-वीस प्रसंग सापडले तरी बरेच कळते.

पाहायचा क्रम असा ठेवावा. स्नॅपच्या आधी बॅकची मान हलते का, म्हणजे ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंची चढाई) कुठून येणार याचा तो शोध घेतो का? स्नॅपनंतर तो आतून बाहेर असा पाहतो का? क्वार्टरबॅककडे येणारा सर्वांत जवळचा, मधून येणारा माणूस आधी उचलायचा आणि मग कडेच्याकडे वळायचे, हा नियम आहे. कडेच्या माणसामागे धावून मधला मोकळा सोडणाऱ्या बॅकवर प्रशिक्षक विश्वास टाकत नाहीत. तिसरे, तो येणाऱ्याची वाट पाहत मागे उभा राहतो की पुढे जाऊन धडक घेतो? मागे उभा राहणारा धक्क्यासरशी क्वार्टरबॅकच्या पायांत जातो. शेवटी अंगाची ठेवण: कंबर खाली, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने, मान वर. मान खाली घालून खांद्याने ढकलणारा खेळाडू एकदा यशस्वी होतो आणि दुसऱ्या वेळी सपशेल चुकतो.

या कामात अंगापेक्षा इच्छा आणि समज मोठी ठरते, याचा पुरावा कायरन विल्यम्स. नोत्र दाम विद्यापीठाच्या या बॅकचे वजन १९४ पौंड, उंची ५ फूट ९ इंच आणि चाळीस यार्ड धावायची वेळ ४.६५ सेकंद होती. लॉस एंजेलिस रॅम्सने २०२२ मध्ये त्याला पाचव्या फेरीत १६४व्या क्रमांकावर घेतले. आपल्याहून कितीतरी जड लाइनबॅकरला तो छातीवर घेतो, हे त्याच्या कॉलेजच्या चित्रफितींत ठळक दिसत होते. २०२३ मध्ये केवळ १२ सामन्यांत त्याने १,१४४ यार्ड मिळवले. त्याची उणीव वेगाची होती, आणि वेग कमी असल्याने कोणी मैदानाबाहेर बसत नाही, जर तो तिन्ही डाऊन खेळू शकत असेल.

झेलण्याच्या बाबतीत पासांची संख्या दुय्यम मानावी. बॅकने पास हातांनी घेतला की छातीवर, झेलल्यावर नजर वर काढून वळायला किती वेळ लागला, आणि लाइनबॅकरविरुद्ध आधी बाहेर जाऊन मग आत तुटणारी धाव त्याला जमते का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. स्क्रीन पासवर (अडवणारे खेळाडू पुढे ठेवून दिलेल्या छोट्या पासवर) मिळालेले यार्ड बरेचसे पुढच्या ब्लॉकचे असतात. बॅकला कडेला रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) जागी उभे केलेले चार-पाच स्नॅप सापडले, तर मात्र त्यांना दुप्पट महत्त्व द्यावे.

पाचवी पायरी: चेंडू सांभाळणे

फंबलची (हातातून चेंडू निसटण्याची) नुसती संख्या पाहू नये. धावा आणि झेल यांच्या बेरजेशी तिचे प्रमाण काढावे. ५०० वेळा चेंडू हाताळून चार फंबल म्हणजे १२५ वेळांत एक. १८० वेळांत चार म्हणजे ४५ वेळांत एक. त्यापुढे चेंडू धरण्याची रीत पाहावी: तो छातीशी उंच आणि घट्ट आहे का, आणि कडेने धावताना बाहेरच्या हातात घेतला जातो का. रीत चांगली असून चेंडू निसटला असेल तर फार चिंता करू नये. तिसऱ्या फेरीत ८६व्या क्रमांकावर कॅन्सस सिटी चीफ्सकडे आलेल्या करीम हंटने न्यू इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, आयुष्यातल्या पहिल्याच धावेवर चेंडू घालवला. त्याच सामन्यात त्याने एकूण २४६ यार्ड आणि तीन टचडाऊन केले, आणि त्या हंगामात १,३२७ यार्डांसह तो लीगमध्ये पहिला आला.

सहावी पायरी: घड्याळ आणि वजनकाटा

इंडियानापोलिसच्या कंबाइनमधले (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमधले) आकडे चित्रफितीनंतर पाहावेत, आधी नाही. आधी पाहिले की डोळे तेच शोधू लागतात. चाळीस यार्डांची वेळ वजनाशी जोडून वाचण्यासाठी फुटबॉल विश्लेषक बिल बार्नवेल यांनी मांडलेला स्पीड स्कोअर सोपा आहे: वजन पौंडात घेऊन त्याला २०० ने गुणावे आणि वेळेच्या चौथ्या घाताने भागावे. २१० पौंडांच्या बॅकने ४.५० सेकंद घेतले तर उत्तर १०२ येते. शंभराच्या आसपास सर्वसाधारण मानतात.

आता काही नावांवर हे गणित चालवून पाहू. केंट स्टेटचा ड्री आर्चर १७३ पौंडांचा आणि ४.२६ सेकंदांचा होता: उत्तर १०५. करीम हंट २१६ पौंड आणि ४.६२ सेकंद: ९५. ओरेगनचा बकी अर्व्हिंग १९२ पौंड आणि ४.५५ सेकंद: ९०. कायरन विल्यम्स: ८३. पिट्सबर्ग स्टीलर्सने आर्चरला २०१४ मध्ये तिसऱ्या फेरीत घेतले. त्याच्या वाट्याला मोजक्याच धावा आल्या आणि २०१५ मध्येच संघाने त्याला मोकळे केले. टॅम्पा बेने २०२४ मध्ये चौथ्या फेरीत १२५व्या क्रमांकावर घेतलेल्या अर्व्हिंगने पहिल्याच वर्षी १,१२२ यार्ड मिळवले. चार नावांवरून नियम सिद्ध होत नाही, आणि जड असून वेगवान असणे हा गुण खराच आहे. पण सरळ रेषेतला वेग हा शेवटचा निकष म्हणून वापरला तर काय निसटते, ते यातून दिसते. चाळीस यार्डांपेक्षा पहिल्या दहा यार्डांची वेळ आणि दोन्ही उड्या (उंच व लांब) मी जास्त गंभीरपणे घेतो, कारण फटीतून निघतानाचा झटका त्यांत उतरतो. विद्यापीठाच्या मैदानावर हाताने नोंदलेली वेळ यंत्राने नोंदलेल्या वेळेच्या शेजारी ठेवू नये, कारण हाताची वेळ बहुधा कमी भरते.

आकडे फार मोहक असले की एक प्रश्न जास्त विचारावा. मेम्फिसचा अँटोनियो गिब्सन २२८ पौंडांचा असून ४.३९ सेकंदांत धावला, म्हणजे स्कोअर जवळजवळ १२३. परंतु कॉलेजमध्ये तो मुख्यतः रिसीव्हर होता आणि तिथे त्याच्या नावावर एकूण ३३ धावा होत्या. गर्दीत चेंडू कसा सांभाळतो, हे पाहायला पुरेसा नमुनाच नव्हता. वॉशिंग्टनने २०२० मध्ये त्याला ६६व्या क्रमांकावर घेतले. २०२१ मध्ये त्याने १,०३७ यार्ड मिळवले, पण त्याच हंगामात चेंडू वारंवार निसटला आणि पुढच्याच वर्षी संघाने तिसऱ्या फेरीत ब्रायन रॉबिन्सन घेतला.

सातवी पायरी: दुखापत, वय आणि झीज

इथे बाहेरच्या माणसाच्या हाती मर्यादित माहिती असते. वैद्यकीय तपासणीचे अहवाल संघांकडेच राहतात. जे दिसते ते असे, की दुखापतीमुळे घसरलेला बॅक हा मधल्या फेऱ्यांतला सर्वांत मोठा धोकाही असतो आणि सर्वांत मोठी संधीही. मायामी विद्यापीठात दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध फाटलेला फ्रँक गोर २००५ मध्ये तिसऱ्या फेरीची पहिली, म्हणजे ६५वी निवड ठरला आणि सोळा हंगाम खेळून बरोबर १६,००० यार्डांसह इतिहासात तिसऱ्या क्रमांकावर थांबला. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या कर्टिस मार्टिनला शेवटच्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात घोट्याची दुखापत झाली. १९९५ मध्ये तो ७४व्या क्रमांकावर गेला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. अशा खेळाडूबाबत दुखापतीनंतर परत येऊन खेळलेले सामने मिळवावेत आणि त्याच पायावर जोर देऊन तो वळतो का, एवढेच पाहावे. ॲरन जोन्सचा २०१५चा हंगाम घोट्यामुळे बुडाला होता, पण २०१६ मध्ये तो १,७७३ यार्ड धावला. प्रश्नाचे उत्तर कॉलेजमध्येच मिळालेले होते.

झीज ही उलटी बाजू आहे. ओरेगनचा रॉइस फ्रीमन कॉलेजमध्ये नऊशेहून जास्त वेळा चेंडू घेऊन धावला होता. कमाराने टेनेसीत दोन वर्षांत मिळून फक्त २१० धावा केल्या होत्या. कमी धावा हा दोष समजून कमाराला खाली ढकलणाऱ्यांनी एक विचारायला हवे होते: तो कमी धावला तो क्षमतेअभावी, की चेंडू दुसऱ्या कोणासोबत वाटून घ्यावा लागल्यामुळे? पोलार्डही मेम्फिसमध्ये १३९ वेळाच धावला होता, पण चेंडू परत आणताना त्याने सात टचडाऊन करून विक्रमाशी बरोबरी केली होती.

यावरून विशेष पथकांचा (किकच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूंचा) मुद्दा येतो. संघात ५३ खेळाडू असले तरी सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ उतरू शकतात, आणि तिसऱ्या क्रमांकाचा बॅक किकच्या वेळी कामाचा नसेल तर तो बाहेर बसतो. २०२४ पासून किकऑफचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लाथाडून खेळ सुरू करण्याचा) नियम बदलल्यामुळे चेंडू परत आणण्याचे प्रसंग वाढले आहेत, म्हणून हे कौशल्य असलेल्या बॅकला आता थोडे वर धरावे.

आठवी पायरी: किंमत ठरवावी

सगळ्या नोंदी झाल्या की प्रत्येक बॅकसाठी दोन वाक्ये लिहावीत: पहिल्या वर्षी तो नेमके कोणते काम करील, आणि कोणती उणीव त्याला त्या कामापासून रोखू शकते. पहिले वाक्य लिहिता येत नसेल तर त्या खेळाडूला तिसऱ्या फेरीत घेऊ नये, मग तो कितीही आवडलेला असो. सॅन दिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीने कॉलेजमध्ये ६,४०५ यार्डांचा विक्रम केला होता, परंतु १७६ पौंडांच्या त्या शरीराला व्यावसायिक मैदानावर कोणते काम द्यायचे, याचे उत्तर सोपे नव्हते. फिलाडेल्फिया ईगल्सने २०१७ मध्ये त्याला १३२व्या क्रमांकावर घेतले, पण नियमित हंगामात त्यांच्याकडून तो खेळलाच नाही. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला कोरी क्लेमेंट त्याच ईगल्सकडे आला आणि बावन्नाव्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) चार झेलांत १०० यार्ड व एक टचडाऊन करून गेला.

क्लेमेंटसारखे खेळाडू ड्राफ्टनंतरही मिळतात, ही गोष्ट किंमत ठरवताना कायम डोळ्यांसमोर ठेवावी. २०१८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने फ्रीमनला ७१व्या क्रमांकावर घेतले. त्याच हंगामात न निवडलेला फिलिप लिंडसे त्याच संघाकडून १,०३७ यार्ड धावून प्रो बोलला (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला) गेला. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने चौथ्या फेरीतल्या दोन निवडी देऊन ८८व्या क्रमांकावर ट्रे सर्मन मिळवला आणि सहाव्या फेरीत १९४व्या क्रमांकावर इलायजा मिचेल घेतला. मिचेल ९६३ यार्ड धावला; सर्मनला पुढच्या वर्षी संघाने सोडले. वर सरकण्यासाठी निवडी खर्च करणे मला फक्त कमारासारख्या प्रसंगात पटते, जिथे संघाला दुसऱ्या कोणाकडून न होणारे काम हवे असते. निव्वळ धावण्यासाठी माणूस हवा असेल, तर थांबावे आणि पाचव्या-सहाव्या फेरीत दोघे घ्यावेत.

ड्राफ्टनंतर

ऑगस्टमधल्या सरावसामन्यांत यार्ड मोजू नयेत. पहिल्या फळीच्या क्वार्टरबॅकसोबत तिसऱ्या डाऊनला कोण उभा राहतो, ते पाहावे. नियमित हंगामाच्या पहिल्या चार आठवड्यांतही हीच नोंद ठेवावी, आणि बॅक मैदानावर असताना पासचे डाव किती व धावेचे किती, याचे प्रमाण काढावे. तो आला की फक्त धावच होते असे दिसले, तर प्रतिस्पर्ध्यालाही ते दिसत असते. तीन हंगामांनंतर जुनी वही काढून प्रत्येक नावापुढे लिहिलेली ती दोन वाक्ये तपासावीत, आणि निकालाबरोबर कारणही जुळले का ते पाहावे. जमाल विल्यम्स चांगला निघेल हे बरोबर ठरले, पण वहीत कारण चाळीस यार्डांची वेळ असे लिहिलेले असेल, तर त्या पानावर चुकीचीच खूण करून पुढच्या वर्षीच्या नावांना सुरुवात करावी.